त्याला काम काय देणार?

मागच्या अंकात एका रॉटवायलर कुत्रीच्या अडलेल्या बाळंतपणाविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत म्हशीच्या कासदाहाविषयी दोन पत्रं निघाली, बाकी सगळी थोराड कुत्र्यांविषयी. फलटणला दवाखाना टाकून मला 34 वर्षं झाली, पण एका विषयावर इतकी पत्रं कधी आली नव्हती. म्हणून हा अंक त्या कुत्र्यांसाठीच ठेवते. ज्यांना माणसाने गुरं हाकायला, गाडी ओढायला, कळप राखायला, बर्फात माणसं शोधायला पिढ्यान् पिढ्या वाढवलं, त्या या जाती. उत्तरं लिहिताना प्रत्येकाला माझाही एक प्रश्न होता. कुत्रा आणाल, पण त्याला काम काय देणार?

प्रश्न : आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलाला सेंट बर्नार्डच हवा आहे. विकणारा म्हणतो, एसी लावला की झालं. आणावा का? (एक पालक, पुणे)

नका आणू. कारण कळावं म्हणून हा कुत्रा मुळात कुठला ते सांगते. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे, 2,469 मीटरवर. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर आणखी आठशे मीटर चढा, तेवढी उंच. अकराव्या शतकापासून तिथे ख्रिस्ती साधूंची धर्मशाळा आहे आणि सतराव्या शतकापासून त्यांच्याकडे हे कुत्रे. धुक्यात आणि बर्फात वाट चुकलेला माणूस वासावरून हुडकायचा, बर्फ उकरायचा, त्याच्या अंगाला अंग लावून ऊब द्यायची, हे त्यांचं काम. त्यातला बॅरी नावाचा कुत्रा 1800 ते 1814 या काळातला. त्याने चाळीसहून जास्त माणसं वाचवली असं सांगतात. त्याचा जतन केलेला देह आजही बर्नच्या संग्रहालयात आहे. गळ्यात ब्रँडीचं पिंप अडकवलेला सेंट बर्नार्ड तुमच्या मुलाने चित्रात पाहिला असेल, ते पिंप मात्र लँडसियर या इंग्रज चित्रकाराच्या 1820 च्या चित्रातून जगभर गेलं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. बॅरी आजच्या सेंट बर्नार्डपेक्षा बराच लहान होता. पुढे त्या कुत्र्यांत न्यूफाउंडलंड जातीचं रक्त मिसळलं आणि लांब केसांची पिल्लं होऊ लागली. त्या केसांत बर्फाचे गोळे अडकायचे, कुत्रा जड होऊन दमायचा. साधूंनी लांब केसांचे कुत्रे खाली खोऱ्यातल्या लोकांना देऊन टाकले. म्हणजे ज्या झुपकेदार रूपावर आपण भाळतो, ते खिंडीतल्या कामालाही निरुपयोगी ठरलं होतं. आणि आपण ते रूप एप्रिलच्या पुण्यात आणतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी दोन वाजता एक सेंट बर्नार्ड माझ्याकडे आणला होता. घरातली वीज तीन तास गेली होती, एवढंच घडलं होतं. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. याचं 108 होतं. आम्ही पोटावर, काखेत, पंजांवर साधं पाणी ओतत राहिलो, दोन पंखे लावले, शिरेतून सलाइन दिलं. पाच वाजता तो गेला. त्याचा मालक हट्टी नव्हता, निष्काळजीही नव्हता. त्याच्याकडे एसी होता.

शिवाय जिन्याचा विचार करा. सत्तर किलोचं जनावर म्हातारपणी मागच्या पायांत अधू झालं, तर लघवीसाठी दिवसातून चार वेळा चादरीत घालून कोण उतरवणार? मुलाला कुत्रा जरूर द्या. तुमच्याच गल्लीत डिसेंबरात पिल्लं होतील, त्यातलं एक उचला, लसी द्या. ते पुण्याच्या हवेचंच आहे.

प्रश्न : नारायणगावजवळ उसाला लागून आमची वस्ती आहे. 30 शेळ्या आहेत. बिबट्याने दोन महिन्यांत दोन शेळ्या आणि दारातलं कुत्रं नेलं. कांगल किंवा तिबेटी मास्टिफ ठेवला तर बिबट्या येणार नाही असं सांगतात. खरं आहे का? (एक शेतकरी, ता. जुन्नर)

दादा, आधी गोठा, मग कुत्रं. चारी बाजूंनी जाळी, वरूनही जाळी किंवा पत्रा, दाराला बाहेरून कडी, रात्रभर एक दिवा. हे झाल्याशिवाय कुठल्याही कुत्र्याच्या भरवशावर झोपू नका. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा, मग तो कितीही थोराड असो, रात्री राखण करत नाही. त्याला पळताही येत नाही.

आता कांगल. तुर्कस्तानातल्या सिवास प्रांतातला हा मेंढपाळांचा कुत्रा. तोंड काळं, अंग पिवळसर. हा मेंढरं हाकत नाही, त्यांच्यात राहतो. कळपापासून थोडा उंचवटा बघून बसतो, हवा हुंगतो, आणि काही आलं की भुंकत कळप आणि जनावर यांच्या मध्ये जाऊन उभा राहतो. तिथले मेंढपाळ गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण लांडगा नरडं धरतो. असाच पट्टा आपल्याकडे हिमाचलात गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना घालतात, तिथे बिबट्याही आहे. त्या गद्दी कुत्र्याची 2025 साली कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने देशी जात म्हणून नोंद केली, याचा मला फार आनंद झाला.

कांगलची कीर्ती आफ्रिकेतही गेली. नामिबियात चित्ता संवर्धनाचं काम करणाऱ्या संस्थेने 1994 पासून शेतकऱ्यांना कांगल आणि अनातोलियन शेफर्डची पिल्लं द्यायला सुरुवात केली. शेळ्या वाचल्या की शेतकरी चित्त्यावर बंदूक धरत नाही, हा त्यामागचा विचार. आपल्या कुनोत सप्टेंबर 2022 मध्ये आलेले पहिले आठ चित्ते त्याच देशातले. पण दादा, इथेच नीट बघा. चित्ता अंगाने हलका, पळण्यावर जगणारा. पाय दुखावला तर तो उपाशी मरतो, म्हणून भुंकणाऱ्या मोठ्या कुत्र्यापुढे तो माघार घेतो. बिबट्या दबा धरून मानेवर येतो. नामिबियात चित्त्यापुढे जे चाललं ते तुमच्या उसात तसंच्या तसं चालेल, असं मी सांगणार नाही.

तिबेटी मास्टिफचा विचार सोडा. तो केसाळ कुत्रा थंड पठारावरचा, जुन्नरच्या उन्हाळ्यात शेळ्यांच्या आधी त्यालाच सांभाळावं लागेल. आणि 'कांगल' म्हणून माझ्याकडे लस टोचायला आणलेली तीन पिल्लं मोठी झाल्यावर तीन वेगळ्या जातींची निघाली. चाळीस-पन्नास हजार रुपये मोजून फसू नका.

मग करावं काय? दरवर्षी पावसाच्या तोंडावर कोकणातून परतताना एका धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, आमच्या गावाजवळ उतरतो. त्याची कुत्री मी वर्षानुवर्षं पाहते. कुत्री मेंढरांतच विते. पिल्लाचे डोळे उघडतात तेव्हा समोर मेंढरू असतं. तीन महिन्यांचं होईपर्यंत ते कोकरांच्या अंगावर झोपतं, मेंढीच्या एक-दोन लाथा खातं आणि त्या कळपालाच आपलं घर मानतं. हे वय गेलं की मग कितीही शिकवा, ते नातं जमत नाही. मी त्याला एकदा विचारलं, तुझं कुत्रं लांडग्याला पुरं पडतं का? तो म्हणाला, "डाक्टरीणबाई, लांडग्याशी लढायला न्हाई ठेवलं कुत्रं. मला उठवायला ठेवलंय."

तुम्ही अशा वाड्यावरून, ज्यांच्या आईबापांनी कळप राखलाय अशी दोन पिल्लं आणा. एक नको, दोन. दोन महिन्यांची असताना शेळ्यांत सोडा, खायलाही तिथेच घाला. रात्री ती बंद गोठ्यात शेळ्यांबरोबर, मोकळी. ती भुंकली की तुम्ही उठायचं, बॅटरी घ्यायची, आवाज करायचा. एवढं काम कुत्र्याचं, बाकीचं जाळीचं आणि तुमचं.

प्रश्न : मला सैन्यात असतो तसा बेल्जियन मॅलिनॉई पाळायचा आहे. मी आयटीत आहे, घरी एकटा असतो. (एक तरुण, हिंजवडी)

ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनागजवळ दोन गोळ्या लागूनही झुंजत राहिलेला लष्कराचा झूम या जातीचा. त्याची बातमी वाचून मीही रडले होते, तुमची ओढ मला समजते. पण बेल्जियममधल्या मेखेलेन शहराच्या नावाचा हा कुत्रा दिवसभर काम मागतो, आणि मेंढपाळाचा किंवा जवानाचा अख्खा दिवस त्याच्या वाट्याला आलेला असतो. तुमचे दहा तास ऑफिसात जाणार. तेवढ्या वेळात तो दाराची चौकट खाईल, मग स्वतःचं शेपूट चावायला लागेल. असे दोन माझ्याकडे आले होते. दिवसाचे तीन तास आणि शिकवण्याची विद्या, दोन्ही असेल तेव्हाच आणा.

प्रश्न : आमचा ग्रेट डेन चार महिन्यांचा आहे. पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेत, मनगटाशी गाठी दिसतात. दुकानदाराने सांगितल्यावरून रोज कॅल्शियमचं औषध दुप्पट देतो, दूध दीड लिटर. आणखी किती वाढवू? (बारामती)

आजच बंद करा. मोठ्या जातींच्या पिल्लांत हीच चूक मी सगळ्यात जास्त पाहते, आणि ती प्रेमापोटीच होते. एवढ्या लहान वयात पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, जेवढं घालाल त्यातलं बरंच अंगात जातं आणि वाढत्या हाडांच्या टोकांशी गडबड करतं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी असलेलं तयार खाणं देत असाल, तर वरून कॅल्शियम मुळीच नको. घरचं देत असाल तर डॉक्टरांकडून मोजून घ्या. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन एक्स-रे काढा, बारामतीहून फार लांब नाही. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, जिना वर्षभर बंद. आणि पिल्लू गुबगुबीत करू नका. हात फिरवला की फासळ्या लागल्या पाहिजेत.

नाव डेन असलं तरी हा डेन्मार्कचा नव्हे, जर्मनीत रानडुकराच्या शिकारीसाठी वाढवलेला. छाती खोल असल्याने याच्या पोटाला पीळ पडतो. पोट ढोलासारखं फुगलं, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, एका जागी ठरत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता का असेना, डॉक्टरांच्या दारावर थाप मारा. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळा विभागून द्या, खाल्ल्यावर तासभर धावू देऊ नका. ही जात आठ-नऊ वर्षंच जगते, त्यातलं एकही वर्ष चुकीने जाऊ नये.

प्रश्न : बाई, तुम्ही स्वतः जत तालुक्यातल्या. मग परदेशी कुत्र्यांचंच कौतुक का? आपला कारवानी विसरलात? (जत)

विसरेन कशी! वडिलांच्या दारात दोन होते, एक काळा, एक वाळूच्या रंगाचा. शाळेत जाताना ते माझ्या सायकलच्या पुढे पळायचे आणि माळाच्या टोकाला उभे राहून मागे बघायचे. कारवानी, पश्मी, मुधोळ, जो तो आपल्या गावाच्या बोलीने हाक मारतो. मुधोळच्या घोरपडे राजांनी या जातीला आसरा दिला. त्यांनी इंग्लंडच्या राजाला जोडी भेट दिली, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. 2016 मध्ये या जातीची पिल्लं मीरतच्या लष्करी केंद्रात शिकायला गेली. आणि कुत्र्याचे उपकार मानण्याची आपली रीत किती जुनी, ते साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्याची समाधी आहे तिथे जाऊन पाहावं.

पण त्याचं काम वेगळं. हा नजरेने शिकार करणारा, वाऱ्यासारखा पळणारा कुत्रा. वीस-पंचवीस किलोचा. दारात मुटकुळं करून बसणं त्याच्या रक्तात नाही. शहरातली माणसं त्याला घेऊन येतात आणि म्हणतात, डॉक्टर, कितीही खाऊ घाला, बाळसं धरत नाही. मग तूप, भात, बिस्किटं घालून त्याचं पिंप करतात. कारवानीच्या शेवटच्या फासळ्या दिसल्या पाहिजेत, तसाच तो निरोगी. तुमच्याकडे माळ आहे, तुम्ही तो ठेवा. गुंठाभर बंगल्यात बांधायला कुणी मागितला तर देऊ नका, ही माझी तुम्हाला विनंती.

प्रश्न : यजमानांनी दोन महिन्यांची रॉटवायलर आणली आहे. बातम्या ऐकून सासूबाई घाबरल्या आहेत, म्हणतात एक तर ती राहील नाहीतर मी. सरकारने ही जात बंद केली आहे ना? तुमची आवडती जात कोणती, तेही सांगा. (एक गृहिणी, नाशिक)

ताई, माझी आवडती जात तीच आहे, म्हणून हे पत्र शेवटी ठेवलं.

आधी कायद्याचं. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने 23 जातींवर बंदी घालावी असं पत्र राज्यांना पाठवलं, त्यात रॉटवायलर होता. त्याच एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं. तरीही महापालिकेत जाऊन आजचा नियम विचारा, परवाना काढा, रेबीजची लस वेळेवर टोचा आणि कागद घरात ठेवा.

सासूबाईंची भीती खोटी नाही. पूर्ण वाढलेली मादी चाळीस किलोच्या पुढे जाते, आणि त्या जबड्याची एक चूकही भारी पडते. लहान मूल आणि ती, दोघांना एकटं कधीच सोडायचं नाही, ती कितीही गरीब निघाली तरी. पण ही जात माणसावर सोडण्यासाठी जन्मली नाही. जर्मनीत नेकार नदीकाठी रॉटवाइल नावाचं गाव आहे, गुरांच्या बाजाराचं. तिथल्या खाटकांचा हा कुत्रा. बाजारातून गुरं हाकत आणायची, मांसाची गाडी ओढायची. पुढे गुरं रस्त्याने हाकणं बंद झालं, कुत्र्याचं काम गेलं आणि जात जवळजवळ संपली. 1910 मध्ये तिथल्या पोलिसांचा कुत्रा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा ती पुन्हा सावरली. काम गेलं तेव्हा जात गेली, काम मिळालं तेव्हा परत आली, हे मी माझ्या दारातही पाहिलं.

माझी रॉटवायलर गोदा माझ्याकडे आली तेव्हा चौदा महिन्यांची होती. एका बंगल्यात तिला दिवसरात्र साखळीला ठेवलं होतं. बागेतल्या माळ्यावर दोनदा धावून गेली, म्हणून मालक तिला कायमची झोपवायला घेऊन आले. मी इंजेक्शन भरलं नाही, ठेवून घेतली. पहिले सहा महिने सोपे नव्हते. ती रात्रभर कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारायची, तिथे वाट पडली होती. दोन वर्षांची झाली, हाडं पक्की झाली, तेव्हा आमच्या सुताराकडून सायकलच्या चाकांची छोटी गाडी करून घेतली आणि छातीवर रुंद पट्ट्याचा साज शिवून घेतला. दवाखान्याच्या फाटकापासून मागच्या गोठ्यापर्यंत सव्वाशे पावलं आहेत. सकाळी दुधाचे दोन कॅन, संध्याकाळी पेंडीचं अर्धं पोतं. पंधरा दिवसांत रात्रीच्या फेऱ्या थांबल्या. महिन्याभरात ती सकाळी सहाला आपण होऊन गाडीच्या दांड्यांमध्ये जाऊन उभी राहू लागली. ज्या दिवशी गाडी नसे त्या दिवशी माझ्या कंपाउंडरकडे बघत बसायची. तो माळी पुढे एकदा शेळी घेऊन दवाखान्यात आला. गोदा कॅन घेऊन त्याच्या शेजारून गेली, थांबलीसुद्धा नाही.

या जातीची आणखी एक खूण सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर गैरसमज होईल. रॉटवायलर खुशीत असली की अंग टेकून उभी राहते आणि घशातून घरघर काढते. नव्या माणसाला वाटतं गुरगुरते आहे. अंग सैल, तोंड सैल, डोळे अर्धे मिटलेले असतील तर ती लाडात आलेली आहे. अंग ताठ, तोंड बंद, नजर रोखलेली असेल तर मात्र मागे सरायचं आणि तिला शांतपणे दुसरीकडे न्यायचं.

पिल्लू दोन महिन्यांचं आहे, म्हणजे वेळ अजून तुमच्या हातात आहे. येत्या दोन महिन्यांत तिने दूधवाला, कुरिअरवाला, छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत चालणारी बाई, रांगणारं बाळ हे सगळं तुमच्या कडेवरून, सुरक्षित पाहिलं पाहिजे. गाडी वगैरे दोन वर्षांनंतर. तोवर वर्तमानपत्र उचलून आणणं, रिकामी पिशवी तोंडात धरून तुमच्याबरोबर भाजीला येणं, एवढं काम पुरे. आणि जेवण सासूबाईंच्या हातून. रोज दोन्ही वेळा ताट त्यांनी धरायचं, पिल्लू खाली बसलं की मगच ठेवायचं. पहिल्या आठवड्यात त्यांचा हात कापेल, तेव्हा तुम्ही शेजारी बसा.

पत्राबरोबर पाठवलेल्या फोटोत तिच्या उजव्या कानात गोचीड दिसते आहे. ती या रविवारच्या आत काढून घ्या.